मनात आणलं तर जमतं की त्याला!

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या मुलाबद्दल हे वाक्य हमखास ऐकू येतं. काल दहाच्या दहा गणितं बरोबर आली, आज तिसऱ्यावरच पेन्सिल अडलेली. व्हिडिओ गेममध्ये मात्र तासभर मान वर होत नाही. मग आळशीपणाचा शिक्का बसतो. मला तो चुकीचाच नाही, क्रूर वाटतो. कारण कधी जमणं आणि कधी न जमणं, हेच तर या विकाराचं लक्षण आहे.

एक साधी चाचणी असते. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं, असं शेकडो वेळा. ही मुलं बरेचदा इतरांइतक्याच चपळाईने बटण दाबतात. मध्येच एखाद्या वेळी मात्र खूप उशीर होतो, आणि पुढच्या खुणेला पुन्हा सगळं सुरळीत. त्या क्षणी काय घडत असावं? आपण स्वतःच्या विचारात हरवतो तेव्हा मेंदूतल्या काही भागांचं एक जाळं जागं असतं. काम सुरू झालं की त्याने शांत व्हायचं असतं. या मुलांमध्ये ते पुरतं शांत होत नाही आणि कामाच्या मध्येच उसळी घेतं, अशी मांडणी २००७ मध्ये सोनुगा-बार्क आणि कॅस्टेलानोस या संशोधकांनी केली. सगळ्या मुलांना ती सारखी लागू पडत नाही, पण पेन्सिल का अडते हे समजायला ती मदत करते.

त्याच वर्षी अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी चारशेहून अधिक मुलांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी वाढत जाऊन एका वयात कमाल होते. इतर मुलांमध्ये ते मध्यक वय साडेसात वर्षं होतं, एडीएचडी असलेल्यांत साडेदहा. सर्वाधिक उशीर होता कपाळामागच्या भागात, जिथे स्वतःला आवरणं आणि लक्ष टिकवणं घडतं. हालचालींचा भाग मात्र उलट थोडा लवकरच पिकला होता! चुळबुळ आधी आणि आवर नंतर, असा हा क्रम.

आता गेमचं कोडं. तिथे दर काही सेकंदांनी गुण मिळतात. गणिताचं फळ मिळतं थेट परीक्षेनंतर. लांबचं बक्षीस या मुलांना ओढून धरत नाही, आणि त्यात डोपामिन या रसायनाचा हात आहे. 'डोपामिन कमी पडतं' एवढंच म्हणणं फार ढोबळ होईल. पण मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन पेशींत परत शोषलं जाऊ देत नाही, आणि अनेक मुलांचं लक्ष त्याने टिकू लागतं. मात्रा जास्त झाली तर मात्र लक्षाची घडी पुन्हा विसकटू शकते, म्हणून डॉक्टर ती हळूहळू ठरवतात.

स्कॅनवरून एकट्या मुलाचं निदान होत नाही. त्यासाठी घरातलं आणि शाळेतलं वागणं नीट पाहावं लागतं. दहा गणितं एकदम देण्याऐवजी दोन द्यायची, लगेच तपासायची, लगेच शाबासकी द्यायची, ही युक्ती मात्र मेंदूच्या याच घडणीला धरून आहे. तिसरं गणित मग पुढच्या जोडीतलं पहिलं ठरतं.