‘वहिनी, अजून एक!’ : जिममधला पार्टनर डोक्याशी उभा असला की जास्तीचे दोन रेप कुठून येतात?

मागच्या मंगळवारी बेंच प्रेसच्या (बेंचवर उताणं पडून छातीवरून रॉड वर ढकलायचा व्यायाम) रॉडला पाच-पाचच्या प्लेट लावल्या होत्या, म्हणजे रॉडचं वजन धरून ३० किलो, आणि सातवा रेप, म्हणजे रॉड सातव्यांदा खाली घेऊन वर, झाल्यावर मला अगदी मनापासून वाटलं की संपलं, आता नाही होणार. डोक्याशी नणंद उभी होती. ती म्हणाली, "वहिनी, अजून एक." झाला. "अजून एक, चल." तोही झाला. दहाव्याला रॉड अर्ध्यात अडकला तेव्हा तिने खालून हात लावला आणि वर जाईपर्यंत तिचं चालूच, "तुझंच आहे, तुझंच आहे, मी फक्त बोटं लावलीयत!"

शुक्रवारी ती गावाला गेली होती. तोच रॉड, तेवढंच वजन, सकाळचे तेच साडेसहा, झोपही नीट झालेली. सहा झाले आणि मी रॉड स्टँडवर ठेवला.

तीन दिवसात माझे स्नायू काही घरी विसरून आले नव्हते मी. मग ते रेप मंगळवारी आले कुठून आणि शुक्रवारी गेले कुठे, हे डोक्यातून जाईना म्हणून वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की या प्रश्नावर लोक सव्वाशे वर्षं काम करतायत, आणि त्यातलं बरंच काही जिममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला पाहिजे असं आहे.

सगळ्यात आधी २०१९ मधला एक छोटासा प्रयोग सांगते कारण तो अगदी माझ्याच शुक्रवारचा आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी नेहमी व्यायाम करणाऱ्या १२ जणांना बेंच प्रेस करायला लावला, प्रत्येकाच्या कमाल वजनाच्या ६० टक्के वजन आणि तीन सेट (मधे न थांबता केलेले रेप म्हणजे एक सेट), प्रत्येक सेट हात थकून थांबेपर्यंत. हे दोन वेगवेगळ्या दिवशी केलं. एका दिवशी रॉड सांभाळायला उभे असलेले स्पॉटर समोर दिसत होते, दुसऱ्या दिवशीही ते तिथेच होते पण पडद्याआड लपवलेले, म्हणजे करणाऱ्याला वाटणार की आपण एकटेच आहोत. स्पॉटर दिसत होते त्या दिवशी तीन सेट मिळून सरासरी साडेचार रेप जास्त निघाले, एकूण उचललेलं वजन २०० किलोहून जास्त वाढलं. आणि मला सगळ्यात भारी वाटलं ते हे की जास्त काम करूनही त्या दिवशी लोकांना मेहनत कमी वाटली आणि स्वतःवरचा विश्वास जास्त वाटला. रॉडला कोणी हात लावला म्हणून हे झालं नाही बरं का, नुसतं माणूस दिसतंय एवढ्यावर झालं.

म्हणजे शुक्रवारी मी सहावर थांबले ते आळसाने नाही. छातीवर ३० किलो आणि काढायला कोणी नाही, हा हिशोब मेंदूने मला न विचारता करून टाकला होता, आणि खरं सांगायचं तर बरोबरच केला होता.

मेंदू ब्रेक लावतो याचा एक जुना आणि प्रसिद्ध पुरावा आहे. १९६१ मध्ये मिचिओ इकाई आणि आर्थर स्टाइनहाउस या दोघा संशोधकांनी लोकांना कोपरातून हात वाकवून पूर्ण जोर लावायला सांगितला, पुन्हा पुन्हा, ठरावीक वेळाने. मधेच, काही न सांगता, मागे पिस्तुलाचा बार काढायचे. त्यानंतरच्या प्रयत्नात ताकद सरासरी ७.४ टक्क्यांनी वाढलेली दिसली. जोर लावताना माणसाने स्वतःच ओरडलं तर १२.२ टक्के. संमोहनाखाली तर २६.५ टक्के. स्नायू तेच, खाणंपिणं तेच, फक्त वरून येणारा हुकूम बदलला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते कारण रील्सवर रोज दिसते. ‘तू थकलास असं वाटतं तेव्हा तू फक्त ४० टक्के ताकद वापरलेली असतेस’ हे जे फिरतं ना, त्याला शास्त्रात आधार नाही. निरोगी माणूस पूर्ण जोर लावत असताना त्याच स्नायूला विजेचा हलका झटका देऊन बघतात, की अजून काही ताकद वापरायची शिल्लक आहे का. थोड्या वेळाच्या पूर्ण जोरात बहुतेक वेळा स्नायूचा ९० टक्क्यांच्या आसपासचा भाग आधीच कामाला लागलेला असतो. म्हणजे शिल्लक असते, पण साठा दडवलेला वगैरे नसतो. पार्टनर काही निम्मी झोपलेली ताकद जागी करत नाही, तो फक्त थांबायची रेघ जराशी पुढे सरकवतो, आणि एखाददोन रेप यायला तेवढं पुरतं.

पण मग त्या एकदोन रेपचं एवढं काय? त्यांचं खूप आहे. स्नायूतले तंतू मेंदू एकदम सगळे कामाला लावत नाही, आधी लहान आणि न थकणाऱ्या तंतूंचे गट, मग गरज पडेल तसे मोठे आणि ताकदवान पण लवकर दमणारे. एल्वूड हेनेमन यांनी हा क्रम दाखवून दिला आणि आज तो पाठ्यपुस्तकात आहे. मध्यम वजनाचा सेट असेल तर सुरुवातीचे रेप लहान गटांवर निघून जातात, ते दमायला लागले की मोठे गट एकेक करून कामाला येतात, आणि स्नायू वाढतो तो मुख्यतः त्यांच्यावर ताण पडल्यावर. त्यामुळे आठवा-नववा रेप आणि पहिला-दुसरा रेप हे मोजायला सारखे असले तरी शरीराला सारखे नसतात. जी बाई रोज भरपूर रेप शिल्लक ठेवूनच थांबते ती वर्षभर जिमला येऊनही आहे तिथेच राहू शकते, आणि असं होतं, कारण एकट्याने वजन निवडायला सांगितलं तर नवशिके हलकंच निवडतात, ट्रेनरबरोबर शिकलेल्या बायका जास्त निवडतात, हेही तपासून झालेलं आहे.

आता या सगळ्याची सुरुवात. १८९८ मध्ये अमेरिकेत नॉर्मन ट्रिपलेट या मानसशास्त्रज्ञांनी सायकल शर्यतींच्या नोंदी बघितल्या तर एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवणाऱ्यापेक्षा सोबत कोणी असलेला नेहमी जोरात. मग त्यांनी ४० मुलांना मासे पकडायच्या गळाची रीळ फिरवायला दिली, कधी एकट्याने कधी जोडीने. वीसेक मुलांचा वेग जोडीने वाढला, दहाएकांना फरक पडला नाही, आणि दहाएक मुलं उलट बिघडली, घाईत गोंधळली. ही शेवटची दहा मुलं लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत येते.

माझ्या दृष्टीने खरा माणूस आहे तो जर्मन मानसशास्त्रज्ञ ऑटो कोलर. १९२० च्या दशकात बर्लिनच्या एका रोइंग क्लबमधल्या तरुणांना त्याने रॉड धरून बायसेप्सचे कर्ल (कोपरातून हात वाकवून वजन वर घेणं) करायला लावले, आधी एकेकट्याने आणि मग दुप्पट वजनाचा एकच रॉड दोघांत मिळून. यातली गोम अशी की एकाने हात टेकले की दुसऱ्याला तो रॉड पेलणारच नाही, म्हणजे दोघांचा सेट संपणार तो कमजोर असलेल्याच्या दमावर. आणि दिसलं काय, तर कमजोर गडी एकट्याने करायचा त्यापेक्षा जोडीत जास्त टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं थांबायला नको, ही भावना. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची : दोघं अगदी सारखे असले तर फायदा कमी, फार तफावत असली तरी कमी, आणि जोडीदार थोडासाच वरचढ असला की सगळ्यात जास्त.

आपल्या तालमीत वस्ताद लोक हे न वाचता करत आले आहेत. पोराला जोड लावून देताना तो रोज चीतपट होईल असा पैलवान समोर देत नाहीत आणि रोज जिंकेल असाही नाही, जरा सरस असलेला देतात. ‘तोडीस तोड’ आपण म्हणतो त्यात हे थोडं वरचढपण धरलेलंच असतं बहुतेक.

कोलरचं काम पुढे बरीच वर्षं मागे पडलं आणि मग मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मंडळींनी ते व्यायामाच्या अंगाने पुन्हा उचललं. त्यांचा २०१२ चा प्रयोग मी दोनदा वाचला कारण तो बायकांवर होता. व्यायामाची सायकल चालवायची, जमेल तितका वेळ, काही आठवड्यांत सहा वेळा. एकटीने चालवणाऱ्या बायका सरासरी साडेदहा मिनिटांच्या आसपास थांबल्या. ज्यांना पडद्यावर एक जोडीदारीण दिसत होती, तुझ्यापेक्षा थोडी सरस आहे असं सांगितलेली, त्या जवळपास २० मिनिटं. आणि ज्यांना सांगितलं की तुम्ही दोघी एक टीम, जी आधी थांबेल तिचीच वेळ टीमची वेळ, त्या जवळपास २२ मिनिटं. पडद्यावरची ती बाई रेकॉर्ड केलेली होती, खरी समोर नव्हतीच, तरी दुप्पट वेळ!

याच गटाने पुढे आणखी एक बघितलं ज्याने मी आणि नणंद दोघीही गप्प झालो. सरस जोडीदार ‘चल, जमेल तुला, सोडू नको’ असं बोलत राहिला तर फायदा मिळाला खरा, पण गप्प राहणाऱ्या जोडीदारापेक्षा कमी मिळाला. का, तर बहुधा ताकदवान माणसाने सारखा धीर दिला की ऐकणाऱ्याला तो धीर न वाटता ‘तू कच्ची आहेस’ असं ऐकू येतं. दुसरीकडे धावण्याच्या चाचणीत दर २० किंवा ६० सेकंदांनी प्रोत्साहन दिल्यावर लोक जास्त टिकले असंही दिसलंय, पण तिथे ओरडणारा हा परीक्षक होता, बरोबर व्यायाम करणारा जोडीदार नव्हता. कोण बोलतंय याने फरक पडतो असं मला वाटतं. सासरच्या माणसांबद्दल तर नक्कीच पडतो, माझी नणंद मनाने फार चांगली आहे तरीसुद्धा.

ट्रिपलेटची ती बिघडलेली दहा मुलं. १९६५ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी त्याचा उलगडा मांडला : सोबत कोणी असलं की अंगात एक ताण चढतो, आणि त्या ताणात जे पक्कं बसलंय ते अजून चांगलं होतं आणि जे नवीन आहे ते बिघडतं. पुढे त्यांनी हे चक्क झुरळांवर दाखवलं. सरळ रस्ता असेल तर बाजूला बघ्या झुरळांची गॅलरी असताना झुरळ जास्त वेगाने पळालं, वळणाचा रस्ता असेल तर हळू. यातून घ्यायचं ते असं की डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) किंवा स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) ज्या आठवड्यात शिकताय त्या आठवड्यात पार्टनरने ‘अजून एक, अजून एक’ करू नये. पाठ कशी ठेवायची हेच डोक्यात बसलेलं नसताना जोर चढला तर जोर चुकीच्या जागी जातो.

आणि पार्टनर एकच बरा. दोरी ओढायला माणसं वाढवली की प्रत्येकाचा जोर कमी होतो हे फ्रान्सच्या मॅक्स रिंगेलमन यांनी केव्हाच मोजलंय, आठ जणांत माणशी जोर निम्म्यावर येतो. पाच मैत्रिणींचा ग्रुप जिमला गेला की काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय.

आता जे सांगायचं ते मी स्वतः केलेलं आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. दोन वर्षांपूर्वी माझी मावसबहीण पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली आणि मी तिला पहिल्याच दिवशी पायांचं सगळं करायला लावलं, स्क्वॉट, लंजेस, लेग प्रेस, आणि प्रत्येक सेटला ‘अजून पाच’. ती नाही म्हणत नव्हती, ती मला नाराज करायचं टाळत होती. चार दिवस तिला जिना उतरता आला नाही. नशिबाने ते साधं दुखणंच निघालं, पण तसंच निघेल असं काही नव्हतं. सवय नसलेल्या शरीराला एकदम जास्त रगडलं, खास करून वजन खाली आणतानाचं काम, वरून उकाडा आणि पाणी कमी, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि ते किडनीला त्रास देतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. साधं अंगदुखणं एक ते तीन दिवसांत जास्तीत जास्त होतं आणि मग उतरतं. पण स्नायू सुजून टणक झाला, हातपाय उचलवेना, आणि लघवी कोला किंवा काळ्या चहासारखी झाली तर बाम चोळत बसायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि हे होणारे बरेचसे लोक एकटे व्यायाम करणारे नसतात, त्यांना कोणीतरी पुढे ढकलत असतं, कधी ट्रेनर, कधी सिनियर, कधी माझ्यासारखी ताई. जो ब्रेक दोन रेपसाठी सैल करता येतो तोच ब्रेक वीस रेपसाठीही सैल होतो, शरीर कुठे थांबायचं ते त्याच्या भाषेत सांगत असतं आणि आपण मोठ्याने ओरडत असलो तर ते कोणालाच ऐकू येत नाही.

तर आम्ही दोघींनी आता थोडं बदललंय. सेटच्या मध्यावर ती विचारते, किती उरलेत? मी आकडा सांगते, दोन, किंवा तीन. मग खरे किती निघाले ते बघतो. लोक सहसा असा अंदाज एखाद्या रेपने कमी सांगतात असं संशोधन म्हणतं, मी सुरुवातीला तीन-तीनने चुकायचे, आता एकाने. तेवढा एक ती माझ्याकडून काढून घेते. आकडा आणि तो एक झाला की थांबायचं, सांध्यात टोचलं की आकड्याच्या आधीच थांबायचं आणि त्यावर चर्चा नाही.

परवा पुन्हा ३० किलो. नवव्याला रॉड छातीवरून निघाला आणि मधेच थांबला. ती काही बोलली नाही, दोन्ही हात रॉडखाली आणले, लावले नाहीत, नुसती उभी राहिली. गेला वर. स्टँडवर ठेवला तर माझा श्वास बसायच्या आत ती बेंचवर येऊन पडली आणि म्हणाली, "आता माझे मोज, आणि वहिनी, तू पण गप्प."