एक्स-रे नॉर्मल, म्हणजे दावा बाद?

‘एक्स-रे, एमआरआय नॉर्मल आला तर अपघातानंतरच्या जुनाट दुखण्यासाठी केलेला भरपाईचा दावा कोर्टात टिकत नाही,’ असं सांगितलं जातं. तसं वाटणं साहजिक आहे. फोटोत मोडलेलं हाड दिसतं, वेदना दिसत नाही. पण दुखापतीनंतरच्या कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमचं (दुखापतीच्या मानाने खूप जास्त आणि दीर्घकाळ हात किंवा पाय दुखत राहण्याचा आजार) निदान मुळात लक्षणं आणि प्रत्यक्ष तपासणीवरच होतं. दुखऱ्या हाताचा रंग, तापमान, सूज, घाम दुसऱ्या हाताशी ताडून बघतात. आपल्या केसपेपरवर ही नोंद आहे का, ते आधी पाहा.

बहुतेक दाव्यांत अपघातातल्या समोरच्याची चूक दाखवावी लागते. खरी ओढाताण मात्र हे दुखणं त्याच दुखापतीतून आलं का, यावर होते. तिथे अपघातानंतर लगेचचे तारखेसह कागद कामी येतात. दावा दाखल करायची मुदत वकिलांना पहिल्याच भेटीत विचारा. बरं वाटायची वाट बघता बघता ती उलटून जाऊ शकते.