किंग स्ट्रीट हत्याकांडाचं ताम्रचित्र (बोस्टन, १७७०)

५ मार्च १७७० ला रात्री नऊच्या सुमारास अमेरिकेत, तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतल्या बोस्टन बंदरात किंग स्ट्रीटवर, कस्टम हाऊससमोर, ब्रिटिश शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच जण गेले. तो महिना संपायच्या आतच तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं त्याचं चित्र विकायलासुद्धा आलं. कोरणारा पॉल रिव्हिअर. धंदा चांदीकामाचा, त्यामुळे कोरणी हातात रोजचीच.

पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, अक्षरंसुद्धा, मग रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाखालून दाबून काढायचा. रंग मात्र नंतर हाताने. काही प्रती ख्रिश्चन रेमिकने रंगवल्या, त्यात शिपायांचे कोट आणि जमिनीवरचं रक्त दोन्ही लालभडक.

आता चित्र नीट बघा. शिपाई कवायतीसारखे एका रांगेत उभे, मागे कॅप्टन प्रेस्टन तलवार उगारून हुकूम देतोय, प्रत्यक्षात सगळा गोंधळ होता, जमाव काठ्या आणि बर्फाचे गोळे मारत होता, पण चित्रातल्या लोकांचे हात रिकामे. घटना रात्रीची तरी आभाळ निळं, कोपऱ्यात नावापुरती चंद्रकोर. मेलेल्यांपैकी क्रिस्पस अॅटक्स हा आफ्रिकी आणि मूळ अमेरिकी अशा मिश्र वंशाचा, इथे सगळे गोरेच दिसतात. कस्टम हाऊसवर तर चक्क ‘बुचर्स हॉल’, म्हणजे खाटिकखान्याची पाटी! एवढ्या चुका अनवधानाने होत नसतात, आणि गंमत म्हणजे सगळ्या एकाच बाजूच्या. शिवाय खाली कविता आहेच, ज्याला चित्र कळलं नाही त्याच्यासाठी.

मूळ कल्पनाही रिव्हिअरची नव्हती. हेन्री पेलम या चित्रकाराने स्वतःचं चित्र त्याला दाखवलं होतं, याने नक्कल करून आधी विकायला काढलं. पेलमने २९ मार्चला चिडून पत्र लिहिलं, भर रस्त्यात लुटल्यासारखंच झालं म्हणून.

खटला त्याच वर्षी चालला. शिपायांचा वकील जॉन अॅडम्स, म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. प्रेस्टन सुटला, आठपैकी सहा शिपाईही सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवध शाबित झाला आणि अंगठ्यावर डाग देऊन त्यांनाही सोडलं. पण निकालपत्र कोण भिंतीवर लावतो?

१७७५ मध्ये रिव्हिअरने तोच पत्रा उलटा करून मागच्या बाजूला मॅसॅच्युसेट्सच्या नोटा कोरल्या. तांबं महाग होतं.