साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी, कोलकाता

कोलकात्यात पार्क स्ट्रीट (आताची मदर तेरेसा सरणी) जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गाला मिळते, तिथली जुनी ख्रिस्ती दफनभूमी. ती १७६७ मध्ये सुरू झाली आणि साधारण १८३० पर्यंत वापरात होती. बोस मार्ग म्हणजे पूर्वीचा सर्क्युलर रोड. त्याच्याशी मराठ्यांचे जुने नाते आहे: नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये शहराभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला, तो अर्धवट राहिला, आणि पुढे बुजवलेल्या खंदकावरून या रस्त्याचा उत्तरेकडचा भाग गेला.

आत गेल्यावर आधी दिसतात ते पिरॅमिड, घुमट, खांबांचे मंडप आणि उंच सुळके. बंगालच्या गाळाच्या जमिनीत दगड दुर्मीळ, म्हणून बहुतेक थडगी विटांची, वरून चुन्याचा गिलावा. तो आता शेवाळला आहे. शिलालेखांवर नावापेक्षा वय आधी डोळ्यांत भरते. विशी-तिशीतलेच फार.

सर्वांत उंच सुळका सर विल्यम जोन्सचा (१७४६–१७९४). कोलकात्यातल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश म्हणून तो १७८३ मध्ये आला, पुढच्याच वर्षी त्याने एशियाटिक सोसायटी स्थापली आणि १७८९ मध्ये ‘शाकुंतला’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. आपला मृत्युलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता: देवाला भ्यायला, मरणाला नाही, अशा माणसाचा देह इथे आहे, असा त्याचा आशय.

मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टचे (मृत्यू १८२८) थडगे मात्र चक्क देवळासारखे आहे, कोरीव दरवाजासकट. हा आयरिश गृहस्थ रोज गंगास्नान करी, मूर्ती जमवी आणि कोलकात्यातल्या गोऱ्या बायकांनी साडी नेसावी असा वर्तमानपत्रातून आग्रह धरी. लोक त्याला ‘हिंदू स्टुअर्ट’ म्हणत. त्याच्या मूर्तिसंग्रहाचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. काही मूर्ती त्याच्याबरोबरच पुरल्या, असे सांगतात.

शिबपूरच्या वनस्पती उद्यानाचा संस्थापक कर्नल रॉबर्ट किड (मृत्यू १७९३) याला आपल्या बागेतच पुरून घ्यायचे होते. ते काही झाले नाही, तो इथेच आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा दूत म्हणून तिबेटला गेलेला जॉर्ज बोगलही (मृत्यू १७८१) इथेच. वाटेत भूतानात बटाटे लावत जा, अशी बंगालचा कारभार पाहणाऱ्या वॉरन हेस्टिंग्जची त्याला सूचना होती.

हेन्री डेरोझिओ (१८०९–१८३१) हा कोलकात्यातच जन्मलेला, पोर्तुगीज वंशाचा कवी. हिंदू कॉलेजात तो विद्यार्थ्यांना काहीही तपासल्याशिवाय मानू नका असे शिकवी. ‘यंग बंगाल’ म्हणून ओळखली गेलेली मंडळी त्याच्याच तालमीतली. सनातनी पालक बिथरले आणि एप्रिल १८३१ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याच डिसेंबरात तो पटकीने गेला, बावीस वर्षांचा. इथल्या नामवंतांत सर्वांत मोलाचा तोच, असे म्हणायला हरकत नाही.

रोझ एल्मर १८०० मध्ये विसाव्या वर्षी वारली. तिच्या पिळदार सुळक्यावर वॉल्टर सॅव्हेज लँडर या इंग्रज कवीने तिच्यावर रचलेल्या ओळी आहेत. त्याच लँडरचे नाव चार्ल्स डिकन्सने आपल्या एका मुलाला ठेवले होते. तो वॉल्टर लँडर डिकन्स सैन्यात होता. आजारपणाच्या रजेवर मायदेशी निघाला असता ३१ डिसेंबर १८६३ रोजी कोलकात्यात वारला. त्याला भवानीपूरच्या लष्करी दफनभूमीत पुरले होते. त्याचा शिलालेख मात्र १९८७ मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी रोझच्या या दफनभूमीत आणून बसवला.