सेल्फ कधी लागतो, कधी नाही: दर वेळी बॅटरीच गेलेली नसते

जुनी गाडी सकाळी पहिल्या चावीला सुरू होते आणि दुपारी नुसतं ‘टक्’ करून गप्प बसते. लगेच सल्ला येतो: बॅटरी गेली, नवी टाका. या समजुतीपायी लोकांचे हजारो रुपये उगाच जातात.

बॅटरी थकली की सेल्फ रेंगाळत फिरतो, दिवे मंदावतात. अधूनमधून रुसणाऱ्या गाडीत दोष बरेचदा जोडणीत असतो: टर्मिनलवरचा पांढरा-हिरवट थर, इंजिनाची गंजलेली अर्थिंगची पट्टी (इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) किंवा सोलेनॉइडचे (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचचे) झिजलेले तांब्याचे पॉइंट. दिव्यांना थोडा करंट पुरतो, सेल्फला 100 अँपिअरच्या वर लागतो. म्हणून दिवे लख्ख, तरी सेल्फ मुका.

आधी मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या मीटरने) बॅटरी मोजा. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. मग गाडी न्यूट्रलला ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंग खराब आहे. मात्र ही तपासणी गाडी अडून बसलेली असतानाच करा. सुरळीत चालताना मीटर दोष दाखवत नाही, आणि नेमकी तेव्हाच ती गॅरेजला नेली जाते.