कृतज्ञता आणि लोभ (ख्रिस्ती जीवनातील)

ख्रिस्ती शिकवणीत लोभाच्या विरुद्ध टोकाला दारिद्र्य नाही, कृतज्ञता आहे. लोभ हा पैशांच्या रकमेवर ठरत नाही. जे आहे ते कोणी दिले याचा विसर पडणे, हे त्याचे मूळ.

दहा आज्ञांपैकी शेवटची आज्ञा लोभाविरुद्ध आहे. चोरी आधीच निषिद्ध ठरलेली असताना ही वेगळी आज्ञा थेट मनातल्या हावेला हात घालते. नव्या करारात (बायबलच्या ख्रिस्ताविषयीच्या दुसऱ्या भागात) लोभासाठी येणाऱ्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आणखी हवे असणे’ असा आहे. त्याच करारातल्या, कलस्सै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या ३ऱ्या अध्यायात लोभाला मूर्तिपूजा म्हटले आहे आणि दहाच ओव्यांनंतर ‘कृतज्ञ असा’ अशी आज्ञा आहे.

लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला (१२:१६-२१) धनवान शेतकरी चोर नाही, लबाडही नाही. त्याच्या जमिनीला अमाप पीक येते, एवढेच. पण त्याचे बोलणे नीट ऐकावे: माझे पीक, माझी कोठारे, माझा माल, माझा जीव. तो बोलतो तेही फक्त स्वतःशीच. जमीन, पाऊस, मजूर, शेजारी, देव यांपैकी कोणाचेही नाव त्याच्या तोंडी येत नाही. कोठारे पाडून मोठी बांधायचा बेत ठरतो आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने याच दाखल्यावर प्रवचन केले. साठवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, असे त्याने श्रोत्यांना तोंडावर सांगितले.

याच शुभवर्तमानात (१७:११-१९) दहा कुष्ठरोगी बरे होतात, पण परत फिरतो तो एकटा, आणि तोही यहुद्यांकडून परका मानला जाणारा, शोमरोन प्रांतातला शोमरोनी. कृतज्ञता ही नुसती भावना नव्हे, हे इथे दिसते. त्याला वाटेतून माघारी यावे लागले. त्याच्या उपकारस्तुतीसाठी जे ग्रीक क्रियापद आहे, तेच शेवटच्या भोजनात येशूने भाकर मोडण्यापूर्वी केलेल्या उपकारस्तुतीसाठी येते. त्या भोजनाची आठवण म्हणून होणाऱ्या प्रभुभोजन या विधीचे ‘युखरिस्त’ हे नाव त्यावरूनच पडले.

पुढे मठवासी परंपरेत इवाग्रिअस या संन्यासी लेखकाने आठ दुष्ट विचारांत लोभ मोजला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोरल्या ग्रेगरीच्या सात महापापांतही तो राहिला. १५६३च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने (प्रोटेस्टंट शिकवणीच्या प्रश्नोत्तररूपी पुस्तकाने) तर दहा आज्ञा आणि प्रार्थना हे सगळे ‘कृतज्ञता’ या तिसऱ्या भागात घातले. आज्ञापालन म्हणजे तारणाची किंमत नव्हे, मिळालेल्या तारणाबद्दलची उपकारबुद्धी, हा त्यामागचा विचार.

कृतज्ञतेचे सोंगही घेता येते, आणि ते ओळखणे अवघड असते. लूक १८ मधला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा माणूस) मंदिरात देवाचे आभारच मानतो, पण आपण इतरांसारखे नाही याबद्दल. पुढच्याच अध्यायातला श्रीमंत जकातदार जक्कय आभाराचा एक शब्दही उच्चारत नाही. तो उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे सांगतो.