थिजणारं तेल, थांबणारा देश

दक्षिण सुदानमधल्या 'दार ब्लेंड' या खनिज तेलात मेण खूप असतं, मेणबत्तीत असतं तेच पॅराफिन. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेत हे तेल वाहतं. वर येऊन थंड होऊ लागलं की पॅराफिनच्या लांबलचक रेणूंचे स्फटिक होतात, ते एकमेकांत अडकतात आणि तेल थिजतं. म्हणून वाटेत ठिकठिकाणी ते तापवत, पंपांनी पुढे ढकलत न्यावं लागतं. पंप बंद पडले तर पाइपातच तेलाचा गोळा होतो आणि पाइप फुटण्याचा धोका असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तसंच झालं. दक्षिण सुदानला समुद्रकिनारा नाही. त्याची पाइपलाइन शेजारच्या सुदानमधून लाल समुद्रावरच्या पोर्ट सुदानला जाते, आणि सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लष्कर व 'आरएसएफ' हे निमलष्करी दल एकमेकांशी लढत होतं. रणभूमीतल्या पंपिंग स्टेशनला डिझेल पोचेना. तेल थिजलं, पाइप फुटला. दार ब्लेंडची निर्यात सुमारे वर्षभर ठप्प झाली. सरकारी नोकरांचे आधीच रखडलेले पगार आणखी लांबले.

एक पाइप फुटल्याने सरकारची तिजोरी रिकामी का व्हावी? ९ जुलै २०११ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा अखंड सुदानच्या तेल उत्पादनापैकी सुमारे तीन चतुर्थांश त्याच्या वाट्याला आलं. पाइपलाइन आणि बंदर मात्र सुदानकडे राहिलं. दक्षिण सुदानच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे ९८ टक्के भाग तेलातून येत होता. जानेवारी २०१२ मध्ये वाहतूक शुल्कावरून भांडण विकोपाला गेलं आणि दक्षिण सुदानने स्वतःच विहिरी बंद केल्या. या विहिरी एका वर्षाहून अधिक काळ बंद राहिल्या.

मला यातली सर्वांत घातक गोष्ट वेगळीच वाटते. ज्या सरकारला शेतकऱ्याकडून, व्यापाऱ्याकडून कर मिळतो, त्याला रस्ते नीट ठेवावे लागतात, बाजार चालू ठेवावे लागतात. लोक गरीब झाले तर त्याचाही महसूल बुडतो. तेलाला लोक लागतच नाहीत. विहिरींभोवती पहारा असला की पैसा येतो. त्यामुळे सत्ता म्हणजे विहिरींचा ताबा, असं समीकरण होऊन बसतं. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदावरून दूर केलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्यातला संघर्ष यादवी युद्धात बदलला, तेव्हा युनिटी आणि अपर नाइल या तेलाच्या प्रांतांत घनघोर लढाया झाल्या. या युद्धामुळे एप्रिल २०१८ पर्यंत सुमारे ३ लाख ८० हजार जीव गेले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

शेतीची दैना तर डोळ्यांदेखत झाली. नाइलकाठची सुपीक जमीन असूनही धान्य युगांडातून आणावं लागतं, आणि ते आणायला डॉलर लागतात, जे तेलातूनच येतात. तेलाचे भाव कोसळले, युद्धाने उत्पादन घटलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये वार्षिक महागाई ८०० टक्क्यांवर गेली. तरीही सरकार जमिनीखालच्या, अजून न काढलेल्या तेलावर व्यापाऱ्यांकडून उचल घेतच राहिलं.